रोल आणि परमिशन

रोल आणि परमिशन : ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाला काय दिसावं, कुणाला काय बदलता यावं आणि कुणी कशाला हात लावू नये हे ठरवायची पद्धत. हक्क थेट माणसाच्या नावावर चढवायचे नाहीत, आधी 'परचेस क्लार्क', 'स्टोअरकीपर', 'अकाउंट्स हेड' असे रोल बनवायचे, हक्क त्या रोलला जोडायचे आणि मग माणसाला रोल द्यायचा, मूळ सूत्र एवढंच. माणसाची बदली झाली की त्याचा रोल काढला, नवीन आला की तोच रोल त्याला दिला, परमिशनच्या याद्या उसकटायची गरज पडत नाही. संशोधनातलं याचं नाव आरबॅक, म्हणजे रोल-बेस्ड ॲक्सेस कंट्रोल. पासवर्ड, ओटीपी वगैरे भाग वेगळा, समोरचा माणूस तोच आहे हे एकदा पटलं की त्यापुढे काय, तिथून हा विषय सुरू होतो.

उगम : रोल ही कल्पना नेमकी कुणाची यावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी १९९२ हे साल दिलेलं असतं, कारण त्या वर्षी ऑक्टोबरात बाल्टिमोरच्या १५व्या नॅशनल कॉम्प्युटर सिक्युरिटी कॉन्फरन्समध्ये निस्ट या अमेरिकी सरकारी संस्थेच्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी यावरचा निबंध वाचला. त्यांचा मुद्दा तसा सरळ होता. तोवर सुरक्षेचा विचार व्हायचा तो अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'ऑरेंज बुक'वरून (१९८३, सुधारित १९८५), आणि त्यात दोनच वाटा होत्या, एक म्हणजे फाइल ज्याची तो ठरवेल कुणाला द्यायची, आणि दुसरी म्हणजे गुप्त, अतिगुप्त असे शिक्के मारून वरून सक्ती. आता ऑफिसात बघा, बिलं एंटर करणारा क्लार्क त्या बिलांचा मालक नसतो, ती कंपनीची असतात, मग 'मालक ठरवेल' याला अर्थ काय उरतो? आणि लष्करी शिक्के हिशेबाच्या वह्यांना बसत नाहीत.

पण १९९२ ला उगम म्हणणं घाईचं वाटतं. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या सामायिक कॉम्प्युटरवर, रॅकएफ हे सुरक्षेचं पॅकेज १९७६ पासून होतं आणि त्यात युजरचे ग्रुप होते. १९८८ मध्ये टिंग यांनी, आणि वेगळेपणाने लोचोव्हस्की आणि वू यांनी डेटाबेसच्या संदर्भात रोलबद्दल लिहिलेलं आहे. रॉबर्ट बाल्डविन यांनी १९९० मध्ये हक्कांच्या गठ्ठ्याला नाव देऊन तो गठ्ठा वाटायची कल्पना मांडली, ती आजच्या रोलच्या फारच जवळची आहे. ओरॅकल या डेटाबेसच्या सातव्या आवृत्तीत रोल आले तेही १९९२ च्याच सुमारास. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) ते १९९९ ला आले. पुढे ज्यांचं मॉडेल प्रमाण ठरलं ते रवी संधू आणि त्यांचे सहकारी स्वतःच ही कल्पना सत्तरच्या दशकातल्या मल्टियुजर सिस्टीमपर्यंत मागे नेतात. तेव्हा वापर आधीपासून होता, निस्टच्या दोघांनी त्याला नीट घडवलेली व्याख्या दिली, असं मानणं जास्त सुरक्षित.

या वादात ग्रुप आणि रोल एकच की वेगळे हा उपप्रश्न आहे आणि खरं तर सगळा वाद तिथेच अडतो. ग्रुप म्हणजे फक्त माणसांची यादी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एखाद्या ग्रुपात कोणकोण आहेत हे एका फाइलीत दिसतं, पण त्या ग्रुपला कशाकशाला हात लावता येतो हे शोधायचं तर अख्खं फाइलींचं झाड पालथं घालावं लागतं, कारण हक्क फाइलीफाइलीला चिकटलेले असतात. रोलमध्ये दोन्ही बाजू एकाच जागी सापडल्या पाहिजेत, माणसंही आणि हक्कही. ही कसोटी संधूंची, ती लावली तर रॅकएफचे ग्रुप निसटते बाहेर राहतात आणि बाल्डविन आत येतात.

मॉडेल : संधू, एडवर्ड कॉइन, हाल फाइनस्टीन आणि चार्ल्स यूमन यांचा लेख फेब्रुवारी १९९६ चा. संधू मूळचे आयआयटी मुंबईचे बीटेक, तेव्हा व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात होते. त्यांनी एक नाही तर चार मॉडेलं दिली. शून्य नंबरात युजर, रोल, परमिशन आणि सेशन (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा वेळ) एवढेच घटक. एक नंबरात रोलची उतरंड, म्हणजे वरच्या रोलला खालच्याचे हक्क आपोआप मिळतात. दोन नंबरात बंधनं. तीन नंबरात हे दोन्ही. सेशनकडे लोकांचं लक्ष जात नाही पण ते महत्त्वाचं आहे, माणसाकडे पाच रोल असले तरी लॉगिन करताना त्यातला एकच चालू करता यावा म्हणजे चुकून नको ते होत नाही, ही त्यामागची कल्पना, आणि बाजारातली कितीतरी सॉफ्टवेअर ती सरळ सोडून देतात, सगळे रोल एकदम चालू. याच लेखात परमिशन नेहमी होकारार्थी धरलीय, 'हे करू नको' असली परमिशन मॉडेलात नाही, मनाई करायची तर ती बंधन म्हणून घालायची.

उतरंडीचं दुखणं असं की साहेबाला हाताखालच्या माणसाचं सगळं दिसलंच पाहिजे असं काही नाही, अर्धवट राहिलेलं काम वरच्याने बघू नये अशीही वेळ येते. त्यासाठी १९९६ च्या लेखातच खाजगी रोलची सोय आहे, उतरंडीच्या बाजूला एक फांदी काढायची, तिचे हक्क वर जात नाहीत. पुढे २००० मध्ये बर्लिनच्या कार्यशाळेत निस्ट आणि संधू यांनी आपापली मॉडेलं एकत्र केली आणि २००४ मध्ये अमेरिकी प्रमाण संस्था आन्सीने ते ३५९ क्रमांकाचं प्रमाण म्हणून घेतलं, २०१२ मध्ये सुधारणा झाली. मधे २००७ ला निंगहुई ली, जी-वॉन ब्यून आणि एलिसा बर्टिनो यांनी या प्रमाणावर खरपूस टीका केली. वरचा रोल खालच्याचा 'वारसा घेतो' म्हणजे हक्क घेतो, की वरची माणसं खालच्या रोलची सभासद धरायची, की त्यांना खालचा रोल चालू करायची फक्त मुभा मिळते? तिन्ही अर्थ वेगळे आहेत आणि प्रमाणात ते एकमेकांत मिसळलेत, असं त्यांचं म्हणणं. मूळ लेखकांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. उतरंडीबद्दलची टीका जास्त वजनदार वाटते, बाकी मुद्दे तपशिलाचे आहेत.

कामाची विभागणी : हा भाग कॉम्प्युटरपेक्षा जुना, हिशेबनिसांकडून आलेला. ज्याने व्हेंडरचं खातं उघडलं त्यानेच पेमेंट सोडू नये, बँकेत मेकर (एंट्री करणारा) आणि चेकर (ती मंजूर करणारा) एकच असू नयेत. डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी १९८७ च्या निबंधात दाखवून दिलं की व्यापारी जगाला गुप्ततेपेक्षा आकडे खरे राहण्याची काळजी जास्त असते, आणि त्यासाठी ही विभागणी लागते. आरबॅकमध्ये तिचे दोन प्रकार, स्थिर म्हणजे दोन रोल एका माणसाला मिळणारच नाहीत, आणि चल म्हणजे मिळतील पण एका सेशनमध्ये दोन्ही चालू होणार नाहीत. अमेरिकेत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ऑडिटर हे तपासायला लागले आणि कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १४३ ऑडिटरला अंतर्गत आर्थिक नियंत्रणांवर मत द्यायला लावतं.

एका सॉफ्टवेअरच्या आत ही विभागणी कितीही चोख असली तरी दोन सॉफ्टवेअरच्या मधली फट तिला दिसत नाही. मुंबईत फोर्टमधल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतलं प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झालं, त्यात स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशांच्या जाळ्यावरून परदेशी बँकांना गेलेल्या हमीच्या संदेशांची नोंद कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबाच्या सिस्टीममध्ये, नव्हतीच, कारण दोन्ही सिस्टीम एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. नंतर रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ती जोडणी करायला लावली.

प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमधलं रूप : सॅप या मोठ्या कंपन्यांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रोल बनतो पीएफसीजी या ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे त्या कोडच्या स्क्रीनवर), युजरला लागतो एसयू०१ मध्ये, आणि 'नो ऑथरायझेशन' आलं की एसयू५३ चा स्क्रीनशॉट पाठवा असं बेसिसवाले, म्हणजे सॅप सांभाळणारी तांत्रिक मंडळी, सांगतात, शेवटची कुठली तपासणी नापास झाली ते त्यात दिसतं. खालच्या थरात ऑथरायझेशन ऑब्जेक्ट असतात, त्यात कंपनी कोड आणि ॲक्टिव्हिटी असे रकाने, ॲक्टिव्हिटी ०१ म्हणजे नवीन करणे, ०२ बदलणे, ०३ नुसतं बघणे. जुन्या आवृत्त्यांत एका युजरला जास्तीत जास्त ३१२ प्रोफाइल (हक्कांचे गठ्ठे) लावता यायची, आणि मोठ्या कंपन्यांत ही मर्यादासुद्धा गाठली जायची, यावरूनच प्रकरण कुठवर जातं ते कळावं. 'सॅप ऑल' हे सगळे हक्क देणारं प्रोफाइल कुणाकडे आहे हा ऑडिटरच्या पहिल्या प्रश्नांपैकी एक.

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, त्यात दोन गोष्टी स्वच्छ वेगळ्या ठेवल्यात. रोल परमिशन सांगते की सेल्स इनव्हॉइस या प्रकारचं तुम्हाला काय करता येईल, म्हणजे वाचणं, लिहिणं, सबमिट, कॅन्सल, अमेंड वगैरे, आणि युजर परमिशन सांगते त्यातली कुठली, म्हणजे फक्त अमुक कंपनीची किंवा अमुक टेरिटरीची (विक्रीच्या भागाची). गोची अशी की टेरिटरीचा रकाना रिकामा सोडलेलं बिल सगळ्यांनाच दिसत राहतं, ते लपवायचं तर कडक युजर परमिशनची सेटिंग वेगळी चालू करावी लागते, आणि ती करायला लोक विसरतात.

टॅलीत सिक्युरिटी लेव्हल असतात, ओनर आणि डेटा एंट्री या तयार मिळतात, नवीन लेव्हल यातल्या एकीच्या पायावर काढायची आणि मग परवानगी आणि मनाई अशा दोन याद्या भरायच्या. म्हणजे संधूंच्या मॉडेलात नसलेली नकारार्थी परमिशन इथे राजरोस आहे, आणि छोट्या दुकानदाराला तीच पटकन कळते. बऱ्याच ठिकाणी मात्र ओनरचा पासवर्ड सगळ्या स्टाफला पाठ असतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल असलेलंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं, पण लॉगिनच एक असेल तर ट्रेलमध्येही नाव एकच येणार.

मर्यादा : रोल वाढत जातात. ३० कामं आणि १२ प्लँट असले आणि प्रत्येक प्लँटला वेगळा रोल काढला की ३६० रोल झाले, शिवाय कुणीतरी सुट्टीवर गेलं म्हणून तात्पुरता दिलेला रोल कायमचा राहतो. यावर तोडगा म्हणून माणसाचं डिपार्टमेंट, जागा, वेळ, रक्कम असे गुणधर्म बघून निर्णय घ्यायची पद्धत आली, एबॅक (ॲट्रिब्यूट-बेस्ड ॲक्सेस कंट्रोल), निस्टची त्यावरची मार्गदर्शिका जानेवारी २०१४ ची. तिच्यात रोलची गर्दी कमी होते पण 'या माणसाला नेमकं काय काय करता येतं' हे आधी सांगणं अवघड होऊन बसतं, आणि ऑडिटरला नेमकं तेच हवं असतं, त्यामुळे कून, कॉइन आणि टिमथी वील यांनी २०१० मध्ये सुचवलेली मिश्र वाट, म्हणजे रोलने बाहेरची हद्द आखायची आणि गुणधर्मांनी आत आणखी आवळायचं, हीच व्यवहारात जास्त टिकलेली दिसते. माणूस आणि फाइल यांच्यातल्या नात्यांवरून (मालक, संपादक वगैरे) हक्क ठरवणारी तिसरी पद्धत गूगलच्या झांझिबार या सिस्टीममुळे २०१९ नंतर चर्चेत आली, ती मुख्यतः फाइल शेअरिंगसारख्या कामांसाठी.