धंदा करणं म्हणजे गुन्हा? नाही

आमच्या यवतमाळकडं पारावर कित्येक वर्षांपासून एकच ऐकतो, देहविक्रीचा धंदा करणारी बाई म्हणजे गुन्हेगार, पोलीस कधीही उचलू शकतेत. चुकीचं आहे बाप्पा हे. 1956 च्या पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात सज्ञान बाईनं मर्जीनं धंदा करणं हा गुन्हाच नाही, गुन्हा आहे कुंटणखाना चालवणं, दलाली, जबरदस्ती, अन् हो, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हेही, तिथं बाईवर केस होते. पण 19 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं, धाडीत मर्जीनं काम करणाऱ्या बाईला अटक नको, छळ नको, धंदा करते एवढ्यावरून तिच्यापासून लेकरू तोडायचं नाही, पत्त्याचा पुरावा नसला तरी आधार कार्ड द्यायचं. आधार नसलं की राशन, बँक सगळंच अडते. अन् तिच्यावर बलात्कार झाला तर पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते, "तू तर धंदेवाली" म्हणून हाकलता येत नाही.