कर्नल अपडेट झाला आणि स्क्रीन काळी पडली

लिनक्सवर हा अनुभव जुनाच आहे. अपडेट निर्विघ्न होतं, मशीन रीबूट होतं आणि डेस्कटॉपऐवजी काळी स्क्रीन समोर येते. बहुतेक वेळा नवा कर्नलही (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) धड असतो आणि ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हरही. फक्त दोघांचं जुळत नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन भाग असतात: कर्नलमध्ये बसणारं मॉड्यूल आणि चित्र काढण्यासाठी प्रोग्रॅम वापरतात त्या ओपनजीएल, व्हल्कनच्या लायब्ररी. लिनक्स कर्नल आपले आतले इंटरफेस (मॉड्यूल कर्नलशी जिथे जोडली जातात ते सांधे) कायम ठेवण्याची हमी देत नाही. हा हलगर्जीपणा नाही, धोरण आहे. ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्ये आणा, इंटरफेस बदलणाराच तो दुरुस्त करेल, असं कर्नलचे एक प्रमुख डेव्हलपर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या दस्तऐवजातच लिहून ठेवलं आहे. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हीडियाने अनेक वर्षं ते मानलं नाही. (लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये भर कार्यक्रमात कंपनीला शिवी हासडली, ती तिच्या असहकाराच्या रागातून.)

मूळ कोडबाहेर राहिलेल्या मॉड्यूलसाठी डेल कंपनीत डीकेएमएस हे साधन तयार झालं. २००३ पासून ते वापरात आहे. नवा कर्नल आला की ते मॉड्यूल तिथल्या तिथे पुन्हा कंपायल करतं, म्हणजे कोडपासून नव्याने बांधतं. युक्ती चांगली, पण माझ्या मते तिने डोकेदुखी वापरणाऱ्याच्या घरी पोचवली. कर्नलचे हेडर्स (कंपायल करताना लागणाऱ्या फायली) इन्स्टॉल नसले की कंपायल फसतं आणि ती ओळ अपडेटच्या शेकडो ओळींत वाहून जाते. पुढे फक्त सही असलेला कोडच चालू देणारं सिक्युअर बूट आलं, तेव्हा मॉड्यूलवर सही करण्याचं कामही वाढलं. उबुंटू हे लिनक्स वितरण म्हणूनच आता आधीच बांधून सही केलेली मॉड्यूल कर्नलसोबत देतं.

एनव्हीडियाची स्पर्धक एएमडीने वाट बदलली. २०१५ मध्ये लिनक्स ४.२ बरोबर एएमडीजीपीयू ड्रायव्हर मूळ कोडमध्ये आला. तिचा जुना बंद (कोड खुला नसलेला) ड्रायव्हर एफजीएलआरएक्स उबुंटूने १६.०४ पासून वगळला.

एनव्हीडियाने मे २०२२ मध्ये आपल्या मॉड्यूलचा कोड खुला केला. तो अजून कर्नलच्या मूळ कोडबाहेरच आहे आणि सोबतच्या लायब्ररी बंदच. त्यामुळे दोन्हींची आवृत्ती आकडा न् आकडा जुळावी लागते. पॅकेज अपडेट करून रीबूट न करता कार्डची स्थिती दाखवणारी एनव्हीडिया-एसएमआय ही कमांड चालवून पाहा: ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’. डिस्कवर नवी लायब्ररी, मेमरीत जुनं मॉड्यूल. रीबूट केलं की बहुतेकदा ते मिटतं.