कोळशाची केंद्रं बंद झाल्यावर ग्रिडचा ताल कोण धरणार?

वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. मागणी वाढली आणि पुरवठा तेवढाच राहिला, तर ग्रिडची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याची, 50 हर्ट्झची वारंवारता (सेकंदाला 50 आवर्तनांचा ताल) घसरू लागते. घसरण फार झाली की यंत्रं वाचवण्यासाठी एकेका भागाचा पुरवठा आपोआप तोडला जातो.

कोळशाच्या केंद्रात टर्बाइन आणि जनित्राचा शेकडो टनांचा दांडा मिनिटाला 3000 फेरे घेत असतो. अचानक भार आला की तो आपल्या गतीतली ऊर्जा ग्रिडला देतो आणि किंचित मंदावतो. तेवढ्या दोन-चार सेकंदांत वाफेच्या झडपा जास्त उघडायला सवड मिळते. हे सगळं जडत्वामुळे, कुणी बटण न दाबता घडतं. सौर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नसतं. त्याची वीज इन्व्हर्टरमधून, म्हणजे पॅनलची एकदिश वीज ग्रिडच्या प्रत्यावर्ती विजेत बदलणाऱ्या उपकरणातून येते आणि नेहमीचा इन्व्हर्टर ग्रिडच्या तालावर चालतो, स्वतः ताल धरत नाही. किती मेगावॉटचे पॅनल बसले, एवढ्यावरच आपली चर्चा थांबते, ते म्हणूनच मला खटकतं.

ऑस्ट्रेलियातल्या दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्याने आपलं शेवटचं कोळसा केंद्र मे 2016 मध्ये बंद केलं. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला वादळाने उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे पाडले आणि थोड्या वेळात विजेचा दाब (व्होल्टेज) पुन्हा पुन्हा कोसळला. असे किती धक्के सोसायचे याची मर्यादा पवनचक्क्यांच्या नियंत्रण प्रणालीत आधीच ठरवलेली होती. ती ओलांडताच अनेक पवनचक्क्यांनी उत्पादन घटवलं. ही मर्यादा ग्रिड चालवणाऱ्यांना ठाऊकच नव्हती! सगळा भार शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर पडला, तीही तुटली आणि अख्खं राज्य अंधारात गेलं.

अपघाताचं खापर पवनचक्क्यांवर फोडून कोळशाकडे परतणं सोपं होतं. पण तिथल्या अभियंत्यांनी ती मर्यादा बदलून घेतली. 2017 अखेर हॉर्न्सडेल इथे 100 मेगावॉटची लिथियम बॅटरी उभी राहिली. ती क्षणार्धात वीज सोडते आणि 2022 पासून तिचे इन्व्हर्टर जडत्वही पुरवतात. 2021 मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर आले. ही इंधनाशिवाय फिरणारी अवजड यंत्रं कोळशाच्या दांड्याचंच काम करतात. आज त्या राज्याची सुमारे 70 टक्के वीज वारा आणि सूर्यापासून येते.

दिवस-दिवस वारा पडला आणि ढग दाटले तर काय, हा प्रश्न याहून अवघड आहे, कारण अशा बॅटऱ्या काही तासच पुरतात. उंचावरच्या तलावात पाणी चढवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा टर्बाइनवर सोडायचं, ही जुनी पद्धत त्यापेक्षा जास्त वेळ तग धरते. त्यात चार युनिट खर्चून तीनच्या आसपास परत मिळतात. दुसरा आधार लांब पल्ल्याच्या वाहिन्यांचा, कारण वारा सगळीकडे एकदम पडत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यू साउथ वेल्स यांना जोडणारी सुमारे 900 किलोमीटरची वाहिनी त्याचसाठी उभारायला घेतली आहे.