ग्रीस फियोर्ड: १९५३च्या स्थलांतराची पार्श्वभूमी

कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील एल्समीअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ७६ अंश उत्तरेला, डोंगराचा कडा आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर ग्रीस फियोर्ड वसले आहे. २०२१च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १४४. ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य थेट फेब्रुवारीत दिसतो. कॅनडात याच्या उत्तरेला नागरी वस्ती नाही. आहेत ती हवामान केंद्रे आणि लष्करी तळ.

या भागात थुले संस्कृतीच्या, म्हणजे इन्युइट या आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांच्या, जुन्या घरांचे अवशेष सापडतात. पुढे थंडी वाढली आणि ही बेटे जवळपास ओस पडली. ग्रीनलंडचे शिकारी तेवढे येऊन-जाऊन असत. ब्रिटनने १८८० मध्ये इथली बेटे कॅनडाच्या नावावर केली, पण तिथे राहायला कोणी गेले नाही. एल्समीअरवर कोणाचीच मालकी नाही, असा सूर डेन्मार्ककडून निघाल्यावर १९२२ मध्ये त्याच बेटावर क्रेग हार्बरला पोलिस चौकी उभी राहिली.

खरा वाद १९५३चा आहे. त्या उन्हाळ्यात उत्तर क्विबेकमधल्या इनुकजुआकची काही इन्युइट कुटुंबे सरकारी जहाजातून सुमारे २,००० कि.मी. उत्तरेला नेण्यात आली. उत्तरेतल्या जगण्याची माहिती असलेली पाँड इनलेटची काही कुटुंबेही मदतीसाठी सोबत घेतली होती. १९५५ मध्ये आणखी काही जण गेले. एकूण संख्या ९०च्या आसपास. सगळे एकत्र राहणार नाहीत, काहींना एल्समीअरवर तर काहींना दुसऱ्या बेटावरच्या रेझोल्यूटला उतरवणार, हे त्यांना जहाजावरच कळले. बायका रडू लागल्या आणि त्यांच्या पाठोपाठ कुत्रीही विव्हळू लागली, अशी साक्ष तेव्हा लहान असलेल्या एकाने पुढे दिली.

सरकारची बाजू अशी: कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळले होते, इनुकजुआकची माणसे सरकारी मदतीवर जगत होती, उत्तरेत शिकार मुबलक होती आणि जाणारे राजीखुशीने गेले. स्थलांतरितांची बाजू अशी: त्या निर्मनुष्य बेटांवर कॅनडाचा हक्क दाखवायला आम्हाला झेंड्याच्या काठ्यांसारखे रोवले.

दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. पण सरकारी बाजू दोन ठिकाणी लंगडी पडते. शिकारीसाठीच नेले, तर मस्क ऑक्स (दाट केसांचा बैलासारखा प्राणी) मारायला मनाई आणि कॅरिबूच्या (रेनडिअर) शिकारीवर मर्यादा का? आणि दोन वर्षांनी परत आणू, या शब्दाचे काय झाले? परतीची मागणी होत राहिली आणि टाळलीही जात राहिली. पहिला हिवाळा लोकांनी तंबूत काढला. १९८५ मध्ये वायव्य मार्गावरचा, म्हणजे आर्क्टिक बेटांमधून जाणाऱ्या समुद्रमार्गावरचा, कॅनडाचा दावा संसदेत मांडताना मंत्र्यांनी, इन्युइटांनी हा बर्फ अनादी काळापासून वापरला आहे, असाच आधार घेतला. म्हणजे सार्वभौमत्वासाठी इन्युइटांचे असणे उपयोगी पडते, हे सरकारला चांगलेच ठाऊक होते.

१९९० मध्ये सरकारनेच नेमलेल्या अभ्यासाने सरकारला निर्दोष ठरवले. १९९४ मध्ये एका आयोगाने नेमका उलटा निष्कर्ष काढला. १९९६ मध्ये १ कोटी डॉलरचा निधी मिळाला, पण माफी नाही. उलट अधिकाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे स्थलांतरितांना करारात मान्य करावे लागले. औपचारिक माफी ऑगस्ट २०१० मध्ये आली. ज्यांची ती मागायची, त्यांतले बरेच जण तोवर गेले होते.

मूळ छावणी आजच्या गावापासून काही कि.मी. दूर होती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शाळा निघाली आणि वस्ती पोलिस चौकीजवळ, आजच्या जागी सरकली. आता वर्षाचे सामान उन्हाळ्यातल्या जहाजाने येते आणि एरवी रेझोल्यूटहून छोटे विमान. हिमनदीचे वितळलेले पाणी थोड्याशा उन्हाळ्यातच टाक्यांत भरून ठेवावे लागते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस सरकारी खर्चाने काही जण इनुकजुआकला परतले. त्यांची उत्तरेत जन्मलेली मुले-नातवंडे सगळीच सोबत गेली नाहीत. त्यांचे गाव ग्रीस फियोर्ड होते. त्यामुळे १९५३ प्रमाणेच याही वेळी कुटुंबे दोन ठिकाणी वाटली गेली.