ब्रिटिश माणूस ‘जरा’ म्हणतो तेव्हा

एप्रिल १९५१. कोरियात इमजिन नदीकाठी ब्रिटनची २९वी ब्रिगेड चिनी फौजेचे हल्ले झेलत होती. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन एका टेकडीवर पुरती वेढली गेली होती. वरिष्ठ अमेरिकी अधिकारी जनरल रॉबर्ट सोल यांनी ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांच्याकडे परिस्थितीची चौकशी केली. ब्रॉडी म्हणाले, ‘अ बिट स्टिकी, सर.’ जरा चिकट झालंय.

ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बोलीत याचा अर्थ होता, आता काही खरं नाही. सोल यांनी मात्र ऐकलं ते असं, की अडचण आहे पण निभतंय. तातडीने माघारीचा हुकूम सुटला नाही. त्या टेकडीवरून निसटून आपल्या फळीपर्यंत जेमतेम चाळीसेक जण पोचले. पाचशेच्या वर सैनिक कैद झाले. हा किस्सा लष्करी इतिहासात वारंवार सांगितला जातो. एका वाक्यामुळे बटालियन गेली, हे मला फार सोपं स्पष्टीकरण वाटतं. चिनी संख्याबळ अफाट होतं आणि सुटकेचे प्रयत्नही फसले होते. तरी या वाक्यात एकही अवघड शब्द नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच आहे.

ब्रिटिश बोलीने अमेरिकन गोंधळतात म्हटलं की लोक विचित्र शब्दांच्या याद्या काढतात. ‘गॉबस्मॅक्ड’ म्हणजे थक्क, ‘नॅकर्ड’ म्हणजे दमून गळून गेलेला. याद्या मजेशीर असतात, पण असे शब्द फारसे धोक्याचे नसतात. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या अमेरिकी संशोधकांनी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून वाक्यं वाचायला दिली. वाक्यात न बसणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत एक ठळक बदल दिसायचा. त्याला आता ‘एन ४००’ म्हणतात. शब्दासारखे वाटणारे पण अर्थ नसलेले अक्षरसमूह दाखवले तरी ही लहर मोठी उमटते. अनोळखी शब्द ऐकणाऱ्याला अडवतो आणि तो विचारतो, ‘काय म्हणालात?’ ‘स्टिकी’ मात्र वाक्यात चपखल बसतो. मग कशाला कोण विचारेल?

ब्रॉडींच्या वाक्यातला खरा गुंता ‘अ बिट’चा आहे. पॉल ग्राइस हे मूळचे इंग्रज तत्त्वज्ञ. ऑक्सफर्डमध्ये बरीच वर्षं शिकवल्यावर १९६७ साली ते कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला गेले. त्यांचं म्हणणं असं: आपण शब्दांचा अर्थ नुसता उलगडत नाही, तर समोरच्याने हेच आणि एवढंच का सांगितलं, याचा हिशेब मनात मांडतो. समोरचा गरजेइतकी माहिती देतो आहे, हे आपण गृहीत धरलेलं असतं. आता ‘गरजेइतकी’ म्हणजे किती, हे दोन समाजांत वेगळं असलं की शब्द तेच राहून हिशेब चुकतो. ब्रिटिश माणूस संकट मुद्दाम लहान करून सांगतो आणि ऐकणाऱ्याने ते परत मोठं करून घ्यावं, अशी त्याची अपेक्षा असते. अमेरिकन ते आहे तसं घेतो.

‘क्वाइट’ हा याचाच छोटा भाऊ. इंग्लंडमधल्या साहेबाने तुमच्या अहवालाला ‘क्वाइट गुड’ म्हटलं, तर बहुधा त्याचा अर्थ ‘बरा आहे’. अमेरिकन साहेब तेच म्हणाला तर ‘चांगलाच झालाय’. गंमत म्हणजे ‘राइट’ किंवा ‘इम्पॉसिबल’सारख्या कमीजास्त न होणाऱ्या विशेषणांपुढे ‘क्वाइट’ आला, तर दोन्हीकडे अर्थ एकच: अगदी, पूर्णपणे. म्हणजे फरक शब्दापेक्षा मापपट्टीवर कुठे थांबायचं यात आहे.

लंडनच्या ईस्ट एंडमधली यमकांची बोली हा मात्र जाणूनबुजून केलेला आडपडदा. १८५०च्या दशकातल्या कोशांत ती नोंदलेली आहे. पद्धत अशी: ‘लुक’ला यमक जुळणारा ‘बुचर्स हुक’ घ्यायचा आणि मग यमकाचा ‘हुक’च गाळायचा. उरतं ‘बुचर्स’. ‘हॅव अ बुचर्स’ म्हणजे बघ जरा! ‘हेड’चं ‘लोफ ऑफ ब्रेड’, त्यातून उरला ‘लोफ’. ‘यूज युअर लोफ’ म्हणजे डोकं चालव. जो दुवा अर्थापर्यंत नेतो तोच काढून टाकल्यामुळे बाहेरच्याला धागा सापडत नाही. तोंडाने फुर्रकन आवाज काढण्याला अमेरिकेतही ‘रास्पबेरी’ म्हणतात. तोही याच बोलीतून आलेला, ‘रास्पबेरी टार्ट’मधला. ‘टार्ट’चं यमक कशाशी जुळतं ते वाचकांनीच शोधावं.

काही ब्रिटिश शब्द अमेरिकनांना अडतात पण आपल्याला अडत नाहीत, कारण त्यांचं मूळ आपल्याकडचं. ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा! नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून राहायचे. काम नाही, वर ऊन. त्यातून ‘डूलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग आला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे ताप. ‘ब्लायटी’ हे विलायतीचं रूप, ‘डेको’ देखोचं, आणि ‘पक्का’ तर तसाच राहिला. अमेरिकी सैन्याला देवळालीत असं कुजावं लागलं नाही, म्हणून त्यांच्या बोलीत ही भर पडली नाही.

पण खरे खड्डे ओळखीच्याच शब्दांखाली. १९४२ साली ब्रिटनला निघालेल्या आपल्या सैनिकांसाठी अमेरिकी युद्ध खात्याने एक पुस्तिका छापली. ‘आय लुक लाइक अ बम’ असं म्हणू नका, अशी त्यात ताकीद होती. अमेरिकनाच्या लेखी ‘बम’ म्हणजे भणंग. ब्रिटिशाच्या कानाला तो स्वतःच्या ढुंगणाची उपमा देतोय. शिवाय ‘पिस्ड’ म्हणजे तिकडे अमेरिकेत चिडलेला, इकडे ब्रिटनमध्ये प्यायलेला. ‘पँट्स’ तिकडे बाहेरून घालायची, इकडे आतून.

सगळ्यात महागात पडू शकणारा शब्द ‘टेबल’. महायुद्धातला एक प्रसंग चर्चिल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. एक टिपण तातडीचं म्हणून ब्रिटिश सेनाधिकारी ते ‘टेबल’ करू म्हणाले. अमेरिकनांनी कडाडून विरोध केला, कारण त्यांच्या भाषेत ‘टेबल करणं’ म्हणजे बासनात गुंडाळणं. दोघांना हवं होतं ते एकच, हे कळेपर्यंत चांगलीच जुंपली होती. एका बाजूने कागद चर्चेसाठी टेबलावर ठेवला, दुसऱ्या बाजूने तो टेबलावर पडू दिला.

आपली संसद आणि विधानसभा ब्रिटिश वळणाची. सभागृहाच्या ‘पटलावर ठेवणे’ हा शब्दप्रयोग त्याच टेबलाचा, आणि तो ऐकत वाढलेला पुण्याचा इंजिनीअर न्यू जर्सीच्या मीटिंगमध्ये ‘लेट्स टेबल धिस’ ऐकतो, लॅपटॉप उघडून आकडे मांडायला सज्ज होतो, तोवर बाकीचे पुढच्या विषयावर गेलेले असतात.