नववा प्रश्न

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर कडक इस्त्रीच्या गणवेशातला वैमानिक दिसला, की या माणसाला नैराश्य असू शकेल हे आपल्या मनातही येत नाही. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या निनावी पाहणीत, उत्तरे देणाऱ्या वैमानिकांपैकी १२.६ टक्के जण नैराश्याच्या निकषात बसले, आणि ४.१ टक्के जणांनी मागील दोन आठवड्यांत आत्महत्येचे विचार आल्याचे नोंदवले. नाव द्यायचे नव्हते, म्हणूनच हे बाहेर आले.

तालमीत खांदा दुखावलेला मल्ल पुष्कळदा वस्तादांनाही सांगत नाही, कारण ठरलेली जोड सुटेल ही धास्ती असते. वैमानिकाला तीच धास्ती वैद्यकीय प्रमाणपत्र जाऊन उड्डाण बंद होण्याची असते. हृदयातला बिघाड ईसीजीवर उमटू शकतो, मनातला मात्र त्याने स्वतः सांगितला तरच डॉक्टरांना कळतो. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने आल्प्समध्ये विमान हेतुपुरस्सर पाडले आणि त्याच्यासह १५० जण मृत्युमुखी पडले. त्याने कामावर जाऊ नये, असे सांगणारी डॉक्टरांची चिठ्ठी कंपनीपर्यंत पोहोचलीच नव्हती. अशी घटना अत्यंत विरळ असते, आणि तिच्यावरून नैराश्य असलेल्या प्रत्येकाला धोकादायक ठरवणे हा अन्याय आहे. दुखणे लपवायला लावणारी भीती मला अधिक घातक वाटते. अमेरिकेने २०१० पासून, ठरावीक नैराश्यरोधक औषधांवर प्रकृती स्थिरावलेल्या वैमानिकांना देखरेखीखाली उड्डाणाची मुभा दिली, ती ही भीती कमी व्हावी म्हणूनच.

वैमानिकाचे नैराश्य ओळखणे अवघड जाते, कारण अपुरी झोप, थकवा, चिडचिड हे सारे ड्युटीच्या वेळांवर ढकलता येते. म्हणून सुट्टीचे दिवस पाहावेत. राजारामपुरीतल्या घरी चार दिवस निवांत मिळूनही तो पहाटे तीनला जागा होत असेल, ज्या मित्रांशिवाय करमत नसे त्यांचे फोन टाळत असेल, ‘माझे तुम्हाला ओझेच झाले आहे’ असे म्हणत असेल, तर तो केवळ दमलेला नाही.

नैराश्य तपासण्याच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीतला शेवटचा, नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, ही आपली समजूत चुकीची आहे. थेट आणि मायेने विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा शासकीय क्रमांक रात्री-अपरात्रीही विनामूल्य चालू असतो.