भेट थांबवली म्हणजे हक्क संपला?

गणपतीला चाकरमानी गावी आले की हा मेसेज फिरतोच: 'कोर्टाने मुलाची भेट थांबवली, म्हणजे त्या आईचा किंवा बापाचा हक्क कायमचा संपला.'

तसं नसतं. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २६ नुसार मुलांबाबतचे आदेश कोर्ट वेळोवेळी बदलू किंवा रद्द करू शकतं. घरगुती हिंसाचार कायदा २००५, कलम २१ जरा कडक आहे: भेटीने मुलाचं अहित होईल असं वाटलं तर ती नाकारायचीच. पण कलम २५ नुसार परिस्थिती बदलल्यावर तोही आदेश बदलता येतो.

खात्रीसाठी आदेशाची प्रमाणित नक्कल काढा, शेवटचा परिच्छेद वाचा. 'पुढील आदेशापर्यंत' हे दोन शब्द शोधा; ते असले तर बंदी कायमची नाही. बदल हवा तर त्याच कोर्टात अर्ज आणि पुरावा, उदाहरणार्थ व्यसनमुक्तीच्या उपचारांची कागदपत्रं. तोवर आजोळच्या खळ्यात आरतीपुरतं भेटणंसुद्धा आदेशभंगच.